कोल्हापूरहून गेलेले पत्र

या वर्षीच्या व्याख्यानमालेसाठी विषय कोणता, असे मंडळाच्या कार्यवाहांनी विचारले तेव्हा मी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सांगितले. ते जरा घुटमळले. म्हणाले, "डॉक्टर, त्यांच्याबद्दल सगळ्यांना सगळे माहीत आहे." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शाळेतला धडा, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, २०१९ सालचा चित्रपट, एवढ्या वाटांनी ही बाई आपल्या घरात येऊन गेली आहे. पण आपण तिच्याकडे पाहतो ते पदवीच्या दिवसाकडून मागे. मला आज तिच्याकडे दवाखान्यातल्या खुर्चीवरून पाहायचे आहे. घरापासून हजारो कोस दूर राहून एकामागून एक आलेले संसारातले फेरफार एका तरुण मुलीने कसे सोसले, हा माझा प्रश्न आहे. तो आज आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा प्रश्न आहे. मुले बंगळूर-पुण्यावर थांबत नाहीत. दुबई, लंडन, न्यू जर्सी ही नावे आता आपल्या ओट्यांवर संकेश्वर-चिकोडीसारखी घेतली जातात.

दुसरे कारण असे, की आनंदीबाईंच्या अमेरिकेची सुरुवात इथून चाळीस किलोमीटरवर झाली, आणि त्यांचे काम सुरू व्हायचे होते तेही तिथेच. ही हकीकत धड्यात एखाद्या ओळीत उरकली जाते. म्हणून ती प्रथम सांगतो.

१८७८ साली गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापुरात होते. बायकोला शिकवायचे या एका ध्यासाने पछाडलेला हा माणूस. विधुर, वयाने बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा, तापट आणि विक्षिप्त. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. बायकोला घेऊन अमेरिकेला जायचे आहे, तिथे नोकरी मिळेल का, तिच्या शिक्षणाची सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. पत्र अमेरिकेत रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर हे पूर्वी बरीच वर्षे कोल्हापुरातच मिशनरी होते आणि आता प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचे मासिक काढीत. त्यांनी उत्तर दिले त्याचा रोख धर्मांतराकडे होता. गोपाळरावांना ते मान्य नव्हते. गोष्ट तिथेच संपायची. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार १८७९ मध्ये मासिकात छापला होता. त्याचा एक अंक न्यू जर्सीतील एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पडून होता. रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांसाठी तिथे आल्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तो अंक चाळला. १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पहिले पत्र लिहिले.

माझ्या दवाखान्यातही जुने अंक पडून असतात. ही गोष्ट वाचल्यापासून ते रद्दीत घालताना हात थोडा थांबतो.

आता रुग्णाची हकीकत. आमच्या होमिओपॅथीत औषधाआधी हकीकत घ्यावी लागते आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो : हे कधीपासून, आणि त्याच्या आधी काय घडले होते? पुष्कळदा रुग्ण सांगतो, "डॉक्टर, अमुक झाले आणि तेव्हापासून मला कधीच बरे वाटले नाही." आनंदीबाईंना हा प्रश्न विचारला असता तर त्या कुठपासून सुरुवात करत्या?

जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि नावही बदलले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, हे त्यांच्या मनाने घेतले आणि डॉक्टर होण्याचा विचार तिथे रुजला. मग नवऱ्याच्या बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. प्रत्येक गावी नवी भाषा, नवे शेजारी आणि रस्त्याने शाळेला जाणारी बाई म्हणून नवी कुचेष्टा. बंगालमध्ये असतानाच डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा, दम लागणे सुरू झाले होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. म्हणजे अमेरिकेच्या थंडीने त्यांचा जीव घेतला असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे. दुखणे बोटीवर चढले तेव्हा बरोबर होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. आपण का जातो आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असे बजावले. ७ एप्रिलला मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्ता सोडले. गोपाळराव मागे राहिले. ४ जूनला न्यूयॉर्क. धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. तीन वर्षांच्या पत्रांनंतर दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

वाचकहो, या 'मावशी' शब्दावर मला थोडे थांबायचे आहे. परमुलखात ओळखी पुष्कळ होतात. शेजारी, वर्गातल्या, कामावरच्या. पण नाते लागल्याशिवाय माणूस आपले दुखणे सांगत नाही. आनंदीबाईंनी ते नाते आपल्या भाषेतून नेले आणि परक्या बाईला लावले. ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाला गेल्या, पण सुटीत, आजारात, उदासीत परतायचे घर रोसेलचेच राहिले.

फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली निघालेले. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. याच शहरात १८४८ पासून होमिओपॅथीचे महाविद्यालयही होते. आमच्या पेशाचे लोक त्या गावाचे नाव आदराने घेतात, तेवढ्यापुरता हा उल्लेख.

शिक्षण कठीण होते, पण त्याचा त्रास त्यांना फारसा झालेला दिसत नाही. त्रास झाला तो रोजच्या जगण्याचा. खोलीतली शेगडी नीट चालत नसे, धूर कोंडे. त्यामुळे थंडी किंवा धूर यांपैकी एक पत्करावे लागे. नऊवारीत कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहत. तिथल्या हिवाळ्यात ते परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. ही एवढीशी गोष्ट, पण तिच्यासाठीही गोपाळरावांना पत्राने विचारावे लागले. आणि जेवण. मांसाहार करायचा नाही हा निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

जैन घरात वाढल्यामुळे हे मला वाचायलाही जड गेले. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकत असे. शिकायला गाव सोडले तेव्हा बेळगावच्या मेसमध्ये कांदा-बटाटा वगळून ताटात काय उरे, ते मला आठवते. तरी तिथे सभोवती आपली माणसे होती आणि शनिवारी निपाणीची गाडी होती. आनंदीबाई तिथल्या हिवाळ्यात, क्षयाला आमंत्रण देणाऱ्या अशक्तपणात, अपुऱ्या अन्नावर अभ्यास करीत होत्या. डॉक्टर म्हणून मी म्हणेन, की त्यांना अधिक सकस आहार मिळायला हवा होता. त्यांच्यासारख्याच संस्कारात वाढलेला माणूस म्हणून मला कळते, की सगळेच बदलत असताना माणूस एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवतो आणि तिच्या आधाराने उभा राहतो. दोन्ही खरे आहे. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी मुलांच्या ताटाबद्दल बोलताना ही दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातल्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात शेजारी शेजारी. मला तो फोटो पाहताना नेहमी वाटते, त्या एकमेकींशी घरच्या पत्रांबद्दल काय बोलत असतील?

कारण घरची पत्रे हीच आनंदीबाईंची मोठी परीक्षा होती. गोपाळरावांनीच त्यांना पाठवले, आणि त्यांनीच पत्रांतून टोचून घ्यायला सुरुवात केली. वेश, वागणूक, तिथल्या लोकांत मिसळणे, कशावरूनही संशय आणि बोल. आनंदीबाईंनी एका पत्रात त्यांना लहानपणी झालेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. त्या काळातल्या बायकोने नवऱ्याला असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. समोर असती तर कदाचित बोलूही शकली नसती. दूर गेल्यामुळे तिला ते म्हणता आले. परदेश माणसाकडून पुष्कळ काढून घेतो, पण क्वचित असे काही देतोही. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतःच अमेरिकेत येऊन दाखल झाले आणि तिथल्या समाजावर, धर्मावर टीका करणारी व्याख्याने देत हिंडू लागले. बायकोचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास, ढासळती प्रकृती आणि हा संसार, सगळे एकाच वेळी आले.

त्याच सुमारास आणखी एक मराठी बाई परदेशात असेच तडाखे सोसत होती. पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. म्हणजे आपल्यासारखीच दोन भाषांच्या हद्दीवरची. दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती. वाँटेजला पोचून काही महिने होतात न होतात तोच तिने आत्महत्या केली. त्यानंतर त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुण्यात एकच गदारोळ उठला. धर्मांतराचा निवाडा करायला मी इथे बसलेलो नाही. माझ्या नजरेला फक्त तारखा दिसतात. पंचवीस वर्षांच्या बाईने एवढी मरणे पाहिली, शेवटचे मरण परक्या घरात पाहिले, आणि हे सारे बोलायला आपल्या भाषेचे मोठे माणूस कोणी जवळ नव्हते. घरच्या लोकांनी तिला टीका भरभरून पाठवली. सांत्वनाची पत्रे किती गेली असतील?

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. दोघींचे दूरचे नातेही होते. एवढ्या मोठ्या सभागृहात मराठी समजणारी माणसे तीन-चार असतील. परंतु त्या दिवशी आनंदीबाईंच्या बाजूने माहेरचे कोणीतरी आले होते, असे मला म्हणावेसे वाटते.

पुढे बॉस्टनच्या स्त्रियांच्या इस्पितळात अनुभवासाठी त्या गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्याच उन्हाळ्यात कोल्हापूर संस्थानाकडून नेमणूक आली : अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तेच हे हॉस्पिटल. ज्या गावाहून १८७८ मध्ये पत्र गेले, त्या गावाहून आठ वर्षांनी उत्तर आले. त्यांनी ते स्वीकारले. ९ ऑक्टोबर १८८६ रोजी न्यूयॉर्क सोडले, १६ नोव्हेंबरला मुंबई गाठली.

कोल्हापूरला मात्र त्या पोचल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला एक महिना होता. दुखणे क्षयाचे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो मार्च १८८२ मध्ये, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती आले. त्या काळी वैद्य, डॉक्टर किंवा आमची साबुदाण्याच्या गोळ्यांची पेटी, कोणाकडेही त्यावर उतारा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे बाईंच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. मावशीने भाचीला शेवटी आपल्या माणसांत जागा दिली.

इथपर्यंत इतिहास झाला. आता थोडे माझे.

माझी मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. काही वर्षांपूर्वी चौदा महिन्यांच्या आत तिच्या आयुष्यात तीन गोष्टी घडल्या. जावयाची नोकरी गेली, तिला पहिले मूल झाले, आणि इकडे तिची आई गेली. तिसरी गोष्ट मी तिला वेळेवर कळवली नाही. बायकोच्या दुखण्याचे निदान झाले तेव्हा मुलीला सातवा महिना होता. मी डॉक्टर. पोटुशीला धक्का नको, हे मीच ठरवले. फोनवर "आई झोपली आहे", "आई देवळात गेली आहे" असे सांगत राहिलो. बायकोनेही मला साथ दिली. बाळंतपण सुखरूप झाले. मग सांगितले. तान्ह्या मुलाचे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हे सगळे जुळेपर्यंत वेळ संपली. आईचे शेवटचे दर्शन तिने फोनच्या पडद्यावर घेतले. फोन शेजारच्या मुलाने धरला होता.

महिन्याभराने ती आली. रागावली नाही, तेच जास्त लागले. एका संध्याकाळी म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला आठ आठवडे आईपासून लांब ठेवलंत. अमेरिकेनं नव्हे, तुम्ही."

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते. मी तीस-पस्तीस वर्षे लोकांना विचारत आलो, 'कधीपासून बरे वाटत नाही?' आणि माझ्याच मुलीच्या हकीकतीत ते कारण म्हणून माझे नाव लागले.

त्यानंतर मी आनंदीबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. कॅरोलाइन डॉल यांनी त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, इंग्रजीत ते लिहिले. पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. आधी मी त्यात धैर्य वाचले होते. या वेळी पत्रे वाचली. एका पत्राला समुद्र ओलांडायला आठवडेच्या आठवडे लागत. बातमी पोचेपर्यंत ती शिळी झालेली असे. तरीही त्या काळात कटू का होईना, खरे तिकडे जात होते आणि खरे उत्तर परत येत होते. आपल्या हातात आता क्षणात पोचणारे यंत्र आहे, आणि आपण त्यावरून 'इकडे सगळे ठीक' एवढेच पाठवतो. तिकडून मुलेही तेच पाठवतात. जावयाची नोकरी गेल्याचे मला चार महिन्यांनी कळले होते. लपवालपवी दोन्ही बाजूंनी चालू होती आणि दोन्ही बाजू तिला माया समजत होत्या.

आपण सीमाभागातले लोक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी घराचा उंबरा न ओलांडता आपल्या पत्त्यावरचे राज्य बदलले. आपल्या वडिलांच्या पिढीने नव्या भाषेतले कागद, नवी कचेरी, नवे फलक पाहिले आणि घरात मराठी बोलत राहिले. बदल सोसायचे शिक्षण आपल्याला नवे नाही. त्या पिढीने तो बदल सोसला तो ओट्यावर बसून, रोज एकमेकांशी बोलून. त्यात तक्रार होती, भांडण होते, पण कोणी एकटे नव्हते. परदेशातल्या मुलांना नेमका हा ओटा मिळत नाही. तो इथून त्यांना देता येईल का, एवढाच विचार आपण करायचा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना आता मी औषधाबरोबर हेही सांगतो. वाईट बातमी त्याच दिवशी कळवा. दोन ओळीत कळवा. यायचे की नाही हे मुलांना ठरवू द्या. तिकडे एखादी मावशी आहे का ते विचारा. ती कोणत्या जातीची, कोणत्या देशाची, हे विचारू नका. आणि मुलगा-सून काही सांगू लागले तर लगेच उपाय सुचवू नका. आमच्या शास्त्रातही हकीकत पूर्ण होईपर्यंत औषध देत नाहीत.

शेवटी पुन्हा कोल्हापूर. आनंदीबाईंसाठी ठेवलेली ती जागा कायमची रिकामी राहिली नाही. कोल्हापुरातल्या शिक्षिका रखमाबाई केळवकर यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली. शाहू महाराजांच्या पाठबळाने परदेशात जाऊन पुढचे शिक्षण घेऊन आली आणि त्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिने स्त्रियांवर उपचार केले. रमाबाईंनी परत येऊन मुंबईत शारदा सदन उघडले ते ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेला.

गेल्या भाद्रपदात, क्षमावाणीच्या दिवशी, मुलीचा फोन आला. आमच्यात त्या दिवशी लहान-मोठे सगळेच एकमेकांची क्षमा मागतात. ती बोलायच्या आत मीच म्हणालो, "बाई, उत्तम क्षमा." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णा, तुमची साखर किती आहे? खरी सांगा."

मी खरी सांगितली.